आपला फोन आपल्याला ऐकू यावा म्हणून

संध्याकाळच्या वेळी दहिसर स्थानकाच्या फलाटावर एक गंमत हमखास पाहायला मिळते. कोणाचा तरी फोन वाजू लागतो आणि आठ-दहा हात एकदम आपापल्या खिशांकडे, पिशव्यांकडे जातात. ज्याचा फोन खरोखर वाजत असतो तो मात्र पुष्कळदा निवांत उभा असतो, कारण दुसऱ्याचाच वाजतो आहे अशी त्याची खात्री असते!

आता फलाटावरून घरी या. आजोबा बाहेरच्या खोलीत वर्तमानपत्र वाचत बसले आहेत, स्वयंपाकघरात मिक्सर चालू आहे आणि फोन आतल्या खोलीत गादीवर पडला आहे. मुलीचे चार फोन येऊन जातात, आजोबांना एकही ऐकू येत नाही. तिकडे मुलीच्या मनात नको नको ते विचार येतात. ही मात्र गंमत नव्हे.

दोन्ही प्रसंगांवर दुकानदार एकच उपाय सांगतात : आपल्या आवडीचे गाणे रिंगटोन म्हणून लावता येईल असा फोन घ्या. उपाय चुकीचा नाही. परंतु गाणे ‘लावता येणे’ आणि ते ‘ऐकू येणे’ या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. पहिली फोनच्या स्मृतीवर अवलंबून असते. दुसरी त्याच्या चिमुकल्या स्पीकरवर आणि ऐकणाऱ्याच्या कानावर. फोन निवडण्यापूर्वी या तिन्हींची थोडी ओळख करून घेऊ या.

घंटीपासून गाण्यापर्यंत

मुंबईत टेलिफोनचे पहिले एक्स्चेंज 1882 साली सुरू झाले. त्यानंतर शंभर वर्षे टेलिफोनला एकच आवाज होता, तो म्हणजे घंटीचा. एक्स्चेंजमधून 20 ते 25 हर्ट्झ वारंवारतेचा प्रत्यावर्ती प्रवाह येई, विद्युतचुंबक लहानशा टोल्याला डावी-उजवीकडे हलवी आणि तो दोन धातूच्या वाट्यांवर आळीपाळीने आपटे. अशा वाटीतून एकच स्वर निघत नाही. मूळ स्वराबरोबर त्याहून उंच असे अनेक स्वर निघतात. त्यांना अधिस्वर म्हणतात. हा शब्द लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

भारतात मोबाइल फोनवरचे पहिले संभाषण 31 जुलै 1995 रोजी झाले. कोलकात्याहून ज्योती बसू दिल्लीला सुखराम यांच्याशी बोलले. मुंबईतही त्याच वर्षी ही सेवा सुरू झाली. त्या वेळच्या फोनमध्ये घंटीला जागा नव्हती. तिच्याऐवजी बझर नावाची एक लहान चकती असे. तिला विद्युतस्पंद दिले की ती कंप पावते. सेकंदाला 880 स्पंद दिले तर 880 हर्ट्झचा स्वर, 988 दिले तर त्याच्या वरचा. एका वेळी एकच स्वर निघतो, म्हणून ही रिंगटोन एकस्वरी. नोकिया कंपनीची सर्वांच्या परिचयाची धून अशीच घरोघर पोहोचली. मुळात ती स्पॅनिश गिटारवादक फ्रान्सिस्को तार्रेगा याच्या 1902 सालच्या ‘ग्रान व्हाल्स’ या रचनेतला लहानसा तुकडा आहे.

पुढे 2000 साली आलेल्या नोकिया 3310 सारख्या फोनवर बटणे दाबून स्वतः धून रचता येऊ लागली. फोनमध्ये आवाज साठवला जात नसे, साठवली जात असे ती केवळ स्वरलिपी : कोणता स्वर, कोणत्या सप्तकातला, किती वेळ. पन्नास स्वरांची धून काही शे अक्षरांत मावे. हौशी मुलांनी मराठी भावगीतेही त्यात बसवून पाहिली. पण ती ऐकताना काहीतरी खटके. याचे कारण असे की, फोनला सप्तकाचे बारा समान भाग तेवढे ठाऊक होते. आपल्या संगीताच्या पुस्तकांत षड्ज 240 धरण्याची प्रथा आहे. तंबोऱ्यात आपोआप ऐकू येणारा गंधार त्याच्या सव्वापट, म्हणजे 300 येतो. बारा समान भागांच्या हिशेबात तोच गंधार 302.4 होतो. एवढा फरक तयार कानाला लगेच जाणवतो. मींड तर या लिपीत लिहिताच येत नसे, कारण एका पायरीवरून दुसऱ्या पायरीवर उडी मारणे एवढेच बझरला जमे.

त्यानंतरच्या बहुस्वरी फोनमध्ये एका वेळी सोळा, चाळीस असे स्वर वाजू लागले. हे स्वर एक लहान चकती, अर्थात चिप, गणिताने तयार करी. एका तरंगाची वारंवारता दुसऱ्या तरंगाने बदलत ठेवली की वाद्यांसारखे आवाज निर्माण होतात, हे जॉन चाउनिंग यांनी 1973 साली प्रसिद्ध केले होते. यामाहा कंपनीच्या चिप याच युक्तीवर चालत. अशा फोनवर बासरीसारखे, पियानोसारखे काही वाजे. पण गायकाचा आवाज आणि गाण्याचे शब्द त्यात उमटणे शक्य नव्हते.

खरे गाणे वाजवायचे तर आवाज जसाच्या तसा साठवावा लागतो. कॉम्पॅक्ट डिस्कच्या पद्धतीने सेकंदाला 44,100 वेळा ध्वनिलहरीची उंची मोजायची, प्रत्येक मापासाठी 16 बिट वापरायचे आणि हे डाव्या-उजव्या दोन्ही बाजूंसाठी करायचे. गुणाकार करा : सेकंदाला 14,11,200 बिट. तीस सेकंदांच्या तुकड्याला 50 लाख बाइटांहून अधिक जागा! एमपी-थ्री पद्धतीने हे ओझे उतरवले. मोठ्या आवाजाच्या आड दडल्यामुळे आपल्याला जे ऐकूच येत नाही ते या पद्धतीत गाळून टाकतात. सेकंदाला 1,28,000 बिट धरले तर तोच तुकडा 4,80,000 बाइटांत, म्हणजे सुमारे एक अकरांश जागेत बसतो. स्मृती स्वस्त झाली, फोनमध्ये एमपी-थ्री उलगडणारी चिप आली आणि कोणतेही गाणे रिंगटोन होऊ शकले.

‘होऊ शकले’ असे मी मुद्दाम म्हणतो. 2007 साली आलेला ॲपलचा पहिला आयफोन हा उत्तम संगीतवादकही होता. तरीही त्यातले गाणे सरळ उचलून रिंगटोन म्हणून लावण्याची सोय त्यात नव्हती. रिंगटोनचा तुकडा वेगळे पैसे मोजून घ्यावा अशी व्यवस्था होती. हे बंधन पदार्थविज्ञानाने घातलेले नव्हते. एखादी गोष्ट फोनला ‘जमत नाही’ असे दुकानात सांगितले, की ती यंत्राला जमत नाही की कंपनीला जमू द्यायची नाही, हा प्रश्न आपण विचारायला हवा.

येथे एक घोटाळा निस्तरला पाहिजे. आपण दुसऱ्याला फोन लावल्यावर आपल्याला ऐकू येणारे गाणे, म्हणजे कॉलरट्यून, ही रिंगटोन नव्हे. ते गाणे दूरसंचार कंपनीच्या यंत्रणेत वाजत असते. कोणाच्याही फोनमध्ये ते नसते. मार्च 2020 मध्ये करोनाच्या साथीविषयीचा संदेश खोकल्याच्या आवाजासह साऱ्या देशाला ऐकू येऊ लागला, तो असाच. साधा फोन असो वा महागडा, त्यातून सुटका नव्हती. तेव्हा कॉलरट्यूनसाठी वेगळा फोन घेण्याचे कारण नाही.

लहान तोंडी मोठा घास

आता स्पीकरकडे वळू. फोनमधला स्पीकर सुमारे एक-दीड सेंटिमीटर लांबीरुंदीचा असतो. त्याचा पडदा पुढे-मागे हलून हवा ढकलतो. तेवढ्याच जोराचा आवाज निम्म्या वारंवारतेवर काढायचा असेल, तर पडद्याला चौपट अंतर हलावे लागते. वारंवारता एक दशांश केली तर शंभरपट! समजा, 1000 हर्ट्झचा स्वर काढताना पडदा एक दशांश मिलिमीटर हलतो. मग 100 हर्ट्झचा तितकाच मोठा स्वर काढायला तो 10 मिलिमीटर हलला पाहिजे. अनेक स्मार्टफोनची सगळी जाडीच तेवढी नसते. त्यामुळे काही शे हर्ट्झच्या खालचा आवाज फोनमधून जवळजवळ निघतच नाही. किंमत वाढवून हा नियम फार वाकवता येत नाही. लहान पडद्याची ही मर्यादाच आहे.

मग फोनवर तबला लावला तर काय होईल? डग्ग्याची घुमार नाहीशी होईल. दायाँ मात्र बऱ्यापैकी वाचेल, आणि त्याचे कारण मोठे मनोरंजक आहे. साध्या ताणलेल्या कातड्याचे अधिस्वर मूळ स्वराच्या पटीत नसतात, म्हणून ढोलाचा आवाज नुसता ‘धप्प’ असा येतो. तबल्याच्या मध्यावरील शाईच्या भारामुळे ते दुप्पट, तिप्पट, चौपट अशा पटीत येऊन बसतात. चंद्रशेखर वेंकट रामन आणि शिवकाली कुमार यांनी 1920 साली ‘नेचर’ या नियतकालिकात हे दाखवून दिले. नोबेल पारितोषिकापूर्वी दहा वर्षे रामन मृदंग-तबल्यात रमलेले होते! असे पटीतले अधिस्वर कानावर पडले की, मूळ स्वर गैरहजर असला तरी आपला मेंदू तो मनाने भरून काढतो. तुमचा यावर विश्वास बसत नसेल तर टेलिफोनवरचे बोलणे आठवा. पुरुषाच्या आवाजाचा मूळ स्वर बहुधा 100 ते 150 हर्ट्झच्या दरम्यान असतो. जुन्या टेलिफोनच्या तारेतून 300 ते 3400 हर्ट्झ एवढेच पलीकडे जाई. तरीही काकांचा आवाज काकूंसारखा वाटत नसे.

यावरून रिंगटोनसाठी कोणते वाद्य चांगले ते सांगता येईल. सनईत अधिस्वर ठासून भरलेले असतात, म्हणून ती लहान स्पीकरमधूनही खणखणीत वाजते. संवादिनीचेही तसेच. तंबोऱ्याचा खर्ज किंवा पखवाजाचा धीरगंभीर ठेका ऐकायला कितीही आवडत असला, तरी फोनमध्ये त्याची रया जाते.

ऐकणारा कान

आता शेवटचा आणि सर्वांत विसरला जाणारा भाग म्हणजे कान. कानाचे छिद्र ही सुमारे अडीच सेंटिमीटर लांबीची, एका टोकाला पडद्याने बंद केलेली नळीच आहे. अशा नळीत तरंगलांबीचा चौथा हिस्सा मावला की अनुस्पंदन होते, हे तुम्ही पुस्तकात शिकला असाल. ध्वनीचा वेग सेकंदाला 340 मीटर धरला, तर 340 भागिले 0.1, म्हणजे 3400 हर्ट्झ. आपला कान 2000 ते 5000 हर्ट्झच्या दरम्यान सर्वांत तीक्ष्ण असतो, त्याचे एक कारण हे. बझर बनवणाऱ्यांनी याचा पुरेपूर फायदा घेतला. साधारण याच पट्ट्यात चकतीला अनुस्पंदन येऊ दिले की थोड्या विजेत मोठा आवाज मिळतो.

परंतु यात दोन तोटे दडलेले होते. पहिल्यातच फलाटावरच्या गमतीचे उत्तर आहे. आवाज कोठून आला हे मेंदू दोन प्रकारे ठरवतो. लांब लहरी दोन्ही कानांशी किती मागेपुढे पोहोचल्या ते तो ताडतो; आखूड लहरींच्या बाबतीत डोक्याची ‘सावली’ पडून एका कानाला आवाज कमी येतो, तो फरक तो पाहतो. 2000 हर्ट्झच्या स्वराची तरंगलांबी 17 सेंटिमीटर, म्हणजे जवळजवळ आपल्या डोक्याच्या रुंदीएवढी. साधारण 1500 ते 3000 हर्ट्झच्या टापूत पहिली युक्ती संपलेली असते आणि दुसरी नीट सुरू झालेली नसते. या टापूतला एकसुरी ‘पीऽऽ’ आवाज कोणाच्या खिशातून येतो ते कळणे म्हणूनच फार कठीण. त्यातून सर्वांच्या फोनवर कंपनीने दिलेली तीच ती धून असेल, तर विचारायलाच नको. उलट, ठसक्याने सुरू होणारा आणि अनेक वारंवारता असलेला आवाज चटकन सापडतो. जुनी धातूची घंटी या बाबतीत बझरपेक्षा निश्चितच सरस होती.

दुसरा तोटा आजोबांचा. वय वाढते तसे ऐकणे सरसकट कमी होत नाही. आधी वरच्या वारंवारता जातात. नातवाला जो 3000-4000 हर्ट्झचा स्वर कानठळ्या बसवतो, तो आजोबांच्या कानी जेमतेम पडतो. आणि बंद दारसुद्धा उंच स्वरच अधिक अडवते. याचा सर्वांत गंभीर अनुभव आगीच्या धोक्याची सूचना देणाऱ्या भोंग्यांबाबत आला. झोपलेल्या माणसांवर प्रयोग केले तेव्हा सुमारे 3100 हर्ट्झच्या नेहमीच्या भोंग्यापेक्षा 520 हर्ट्झचा चौरस तरंग कितीतरी अधिक जणांना जागे करतो, असे दिसून आले. अमेरिकेतील अग्निसूचनेच्या नियमावलीत झोपण्याच्या जागांसाठी आता हाच आवाज सांगितला आहे. चौरस तरंगात 520 च्या जोडीला त्याच्या तिप्पट, पाचपट, सातपट असे 1560, 2600, 3640 हर्ट्झचे अधिस्वरही असतात. खालचा स्वर अधू कानासाठी, वरचे चांगल्या कानासाठी.

म्हणजे ओढाताण अशी आहे : आजोबांचा कान आणि बंद दार म्हणतात, स्वर खाली आणा. लहान स्पीकर म्हणतो, फार खाली आणू नका. त्याला लोकलची धडधड आणि मिक्सरची घरघर दुजोरा देतात, कारण तो गोंगाट खालच्या वारंवारतांनी भरलेला असतो. सुवर्णमध्य सापडतो तो साधारण 500 ते 1500 हर्ट्झच्या मूळ स्वरात, आणि तोही अधिस्वरांनी युक्त असा. सनईचा किंवा संवादिनीचा मध्य-तार सप्तकातला तुकडा, देवघरातल्या घंटेचा आवाज, नातवंडाने खड्या आवाजात मारलेली ‘आजोबा, फोन!’ ही हाक, हे सर्व चालेल. शेवटचा पर्याय मला स्वतःला सर्वांत पसंत आहे, कारण ओळखीचा मानवी आवाज गोंगाटातूनही लगेच वेगळा काढता येतो.

आणखी एक आकडा ध्यानात ठेवा : 30 सेकंद. भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाने नोव्हेंबर 2019 मध्ये मोबाइल फोन किती वेळ वाजावा हे ठरवून दिले, ते एवढेच. एवढ्या वेळात आजोबांनी आवाज ऐकायचा, चष्मा ठेवायचा, उठायचे आणि आतल्या खोलीत पोहोचायचे. गाण्याच्या सुरुवातीची दहा सेकंदे हळुवार आलापात गेली, तर वेळेचा तिसरा हिस्सा फुकट. म्हणून फाईलमध्ये गाणे पहिल्यापासून न घेता, जेथे ते जोरात उचलते तेथून कापून घ्यावे.

दुकानात गेल्यावर

आपली वीस सेकंदांची फाईल एका मेमरी कार्डावर घेऊनच दुकानात जा. आजचे बहुतेक अँड्रॉइड स्मार्टफोन ती सहज स्वीकारतात. खरा प्रश्न असतो बटणांच्या साध्या फोनचा, आणि आजोबांना हवा असतो नेमका तोच. काही साध्या फोनवर कार्डावरचे गाणे ऐकता येते, पण रिंगटोनच्या यादीत ते येत नाही. ‘एमपी-थ्री चालते’ एवढ्या उत्तरावर समाधान मानू नका. रिंगटोन म्हणून लावून दाखवा म्हणा. मग दुसऱ्या फोनवरून त्यावर फोन करा. तो वाजत असताना कार्ड काढल्यास काय होते हेही पाहण्यासारखे आहे. फाईल कार्डावर राहिली तर कार्ड निखळताच फोन गुपचूप कंपनीच्या धूनवर परत जातो, आणि आजोबांना ती धून आपली वाटत नाही. एकेका व्यक्तीला वेगळी रिंगटोन देता आली तर फारच उत्तम. मुलीचा फोन आणि कर्ज घ्या म्हणणाऱ्यांचा फोन उठण्यापूर्वीच वेगळा ओळखू येतो.

स्पीकरची छिद्रे कोठे आहेत तेही पाहा. ती पाठीमागे असतील तर फोन गादीवर उताणा ठेवताच त्याचे तोंड दाबले जाते. टोकाला किंवा बाजूला असतील तर बरे. ‘सर्वांत मोठ्या आवाजाचा फोन’ ही जाहिरात मात्र फारशी मनावर घेऊ नका. उघड्यावर अंतर निम्मे केले की ध्वनीची पातळी 6 डेसिबेलने वाढते, आणि फोन गादीवरून उचलून बाहेरच्या खोलीतल्या स्टुलावर आणला की तेवढे काम बिनखर्चात होते. स्मार्टफोन घेतलाच, तर व्हॉट्सॲपवरून येणाऱ्या कॉलची रिंगटोन त्या ॲपमध्ये स्वतंत्रपणे तपासा. परदेशातली मुले बहुधा त्यावरूनच फोन करतात.

आणि इतके करूनही आजोबांना ऐकू आले नाही, तर फोन बदलत बसण्याऐवजी कानाच्या डॉक्टरांकडून श्रवणचाचणी करून घ्यावी.

करून पाहा

हा प्रयोग दोघा-तिघांनी मिळून करावा. ठरावीक वारंवारतेचा स्वर काढणारे एखादे विनामूल्य ॲप फोनवर घ्या. 100, 250, 500, 1000, 2000, 4000 आणि 8000 हर्ट्झ असे स्वर एकेक करून वाजवा. आवाजाची कळ सर्व वेळ एकाच जागी राहू द्या. ऐकणाऱ्याने पाठ करून तीन मीटरवर बसावे आणि ऐकू येताच हात वर करावा. 100 हर्ट्झला बहुतेक कोणाचाच हात वर होणार नाही. तो दोष कानाचा नाही, स्पीकरचा आहे. आधी स्वतः, मग आई-वडील, मग आजी-आजोबा अशा क्रमाने नोंदी घ्या आणि वय व ऐकू आलेली सर्वांत उंच वारंवारता यांचा आलेख काढा. त्यानंतर मधले दार लावून सर्व स्वर पुन्हा वाजवा. शेवटी फोन एकदा उशीवर, एकदा लाकडी टेबलावर आणि एकदा स्टीलच्या रिकाम्या पातेल्यात ठेवून आपली निवडलेली रिंगटोन वाजवून पाहा. पातेल्यात ती मोठी तर होईलच, शिवाय तिचा रंगही बदलेल. कोणत्या वारंवारता वाढल्या हे पातेल्याच्या आकारावर ठरते. तेव्हा लहान-मोठी तीन पातेली घेऊन तुलना करण्यास हरकत नाही.